न पोचवलेली तीन पत्रं

डॉक्टर, मी तुमचा कंपाउंडर. तुम्हांला जाऊन एकतीस वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत तुम्हांला काही लिहावं असं माझ्या मनात आलं नव्हतं. लिहायची मला सवय नाही हे तुम्हांला ठाऊक आहे. आठवी नापास माणूस, बाटलीवर चिठ्ठी चिकटवण्यापुरतं अक्षर. पण गेले चार दिवस मी हुबळीतल्या एका मोठ्या इस्पितळात वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलो आहे, आत माझी मुलगी आहे, आणि उद्या सकाळी दहा वाजता तिचे दोन डॉक्टर एकत्र बसून मला काही विचारणार आहेत. त्यांना काय सांगायचं ते मला माहीत आहे. सांगता येईल की नाही ते माहीत नाही. हात स्वस्थ बसत नाहीत, म्हणून समोरच्या दुकानातून ही वही आणली.

तुम्ही तिला शेवटचं पाहिलंत तेव्हा ती बारा वर्षांची होती. शाळा सुटली की दुर्गदबैलच्या बाजारामागच्या आपल्या दवाखान्यात येऊन बसायची आणि माझ्या चिठ्ठ्यांवरचं शुद्धलेखन तपासायची. तुम्ही आतून म्हणायचात, "हिला ठेवू या कंपाउंडर आणि तुला पाठवू शाळेत." ती आता त्रेचाळीस वर्षांची आहे. आम्ही दोघं उणकलला राहतो, तलावाच्या अलीकडे नवीन घरं झाली आहेत तिथे. तिची आई जाऊन आठ वर्षं झाली. मुलगी घरी शिकवण्या घेते, गणिताच्या आणि इंग्रजीच्या, आणि सगळी गल्ली तिला टीचर म्हणते. त्या टीचरच्या मानेजवळ आता नळी घातलेली आहे. परवा आणि काल तिचं रक्त मशीनवर धुतलं. आज सकाळी तिने डोळे उघडले, मला ओळखलं आणि जड जिभेने म्हणाली, "अप्पा, मुलं येऊन परत गेली का?" मी म्हटलं, सुट्टी दिली आहे. मग ती पुन्हा झोपली. ती झोपली की मला भीती वाटते आणि जागी झाली की जास्त भीती वाटते, कारण जागेपणी ती कधीतरी विचारेल की हे कशाने झालं.

सगळं क्रमाने सांगायला हवं. तुम्ही म्हणायचात, आजार सांगताना पहिल्या दिवसापासून सांगावा, मधूनच सुरुवात केली की डॉक्टर फसतो.

तुम्ही मला घेतलंत तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि किराणा दुकानात पुड्या बांधत होतो. तुम्ही जिरं घ्यायला आला होता. पुडी हातात फिरवून पाहिलीत आणि म्हणालात, "बांधतोस चांगली. औषधाची बांधशील का?" एवढ्यावर माझी एकोणीस वर्षं ठरली. गोळ्या मोठ्या डब्यातून काढून पांढऱ्या कागदात सकाळची, दुपारची, रात्रीची अशा पुड्या बांधायच्या, बाटलीला कागदाची पट्टी कातरून डोस दाखवायचे, हे मी तुमच्याकडे शिकलो. कोणत्या पुडीत काय आहे ते रोग्याला कळत नसे आणि त्याला कळायला हवं असं तेव्हा कोणाला वाटतही नसे.

गुरुवारी दुपारी दवाखाना बंद ठेवून तुम्ही धारवाडला जायचात. तिथे तुमचे मित्र होते, मनाच्या आजारांचे डॉक्टर. एकदा औषधांची पेटी जड होती म्हणून मला बरोबर नेलंत. त्यांच्या घराच्या पडवीत तुम्ही दोघं चहा घेत होता आणि मी पायरीवर बसलो होतो. आपल्या एका रोग्याबद्दल बोलणं चाललं होतं, रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता तो, ज्याला कानात कोणी बोलतंय असं वाटायचं.

"त्याचे हात फार थरथरायला लागलेत," तुम्ही म्हणालात. "तुझ्या गोळीने की माझ्या?"

"माझ्या. पण तू खोकल्याला काय देतोयस?"

"नेहमीचं."

"ते थांबव. माझ्या गोळीबरोबर नको. सांग त्याला, धारवाडच्या येड्या डॉक्टरने बंद करायला लावलं."

"सांगतो. म्हणेल दोघांनाही एकाच खोलीत ठेवा."

तुम्ही दोघं पोटभर हसलात. मग तुम्ही खिशातून वही काढून लिहून घेतलंत आणि त्यांनीही लिहून घेतलं. ज्या गुरुवारी जाणं जमत नसे, त्या गुरुवारी तुम्ही पत्र लिहून माझ्याकडे द्यायचात आणि मी ते पोस्टात टाकायचो. चौथ्या दिवशी त्यांचं उत्तर यायचं. वर्षानुवर्षं मी ती पत्रं टाकली, आणलेली उत्तरं तुमच्या टेबलावर ठेवली. एकही हरवलं नाही. हे मी अशासाठी लिहितो आहे की मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

आणि मग ती कापडदुकानवाल्यांची मुलगी. तुम्हांला आठवत असेल. तुमचं आणि धारवाडचं मिळून औषध चालू होतं आणि ती चांगली सावरली होती. कलघटगीहून तिला बघायला येणारी माणसं आपल्या समोरच्या पानपट्टीवर चौकशी करत उभी होती. मला वाटलं आपण चांगला शब्द टाकावा. मी म्हटलं, "मुलगी सोन्यासारखी आहे हो. आता अगदी बरी आहे, धारवाडचं औषध लागू पडलंय." आपल्या हुबळीत एवढं पुरतं, वेड्यांचं इस्पितळ धारवाडलाच ना. कोणी जरा वेगळं बोललं तरी लोक म्हणतात, ह्याला धारवाडच्या बसमध्ये बसवा. ती माणसं मुलगी न बघताच परत गेली.

दुसऱ्या दिवशी सगळे रोगी गेल्यावर तुम्ही मला रोग्याच्या स्टुलावर बसवलंत. "आ कर," म्हणालात. मी तोंड उघडलं. तुम्ही बॅटरी लावून, पट्टीने जीभ दाबून खूप वेळ पाहिलंत. मला वाटलं खरंच काही दिसतंय. मग पट्टी ट्रेमध्ये टाकून म्हणालात, "जीभ तर निरोगी आहे. मग एवढी लांब कशी झाली?" मी रडायला लागलो. तुम्ही हात धुतलेत, पुसलेत आणि पाठमोरे राहून म्हणालात, "ज्याला कळायला हवं त्याला मी कळवतो. तू पुड्या बांध." त्यानंतर तुम्ही तो विषय पुन्हा काढला नाहीत. मी मात्र तो मनातल्या मनात आयुष्यभर काढत राहिलो. गप्प राहायचं एवढंच मी त्यातून घेतलं. ज्याला कळायला हवं त्याला तुम्ही कळवत होता, ते काम मला माझं वाटलंच नाही.

तुम्ही आजारी पडलात तेव्हा तुमचं पाऱ्याचं रक्तदाब मोजायचं यंत्र मला दिलंत. "विकू नकोस, वापर," म्हणालात. तुम्ही गेलात, दवाखाना बंद झाला, मी एका औषधाच्या दुकानात काउंटरला लागलो आणि पासष्टीपर्यंत तिथे उभा राहिलो.

मुलगी सव्वीस वर्षांची असताना हे सुरू झालं. आधी ती झोपेनाशी झाली. मग दिवसभर बोलत राहिली, एक वाक्य संपायच्या आत दुसरं. एका दुपारी आईच्या सगळ्या साड्या घेऊन तलावावर गेली आणि धुणं धुणाऱ्या बायकांना वाटून आली. पंधरा दिवसांनी तीच मुलगी भिंतीकडे तोंड करून जी निजली ती तीन महिने. आम्ही तिला धारवाडला नेलं, पहाटेच्या बसने, ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून. तुमचे मित्र तेव्हा हयात नव्हते. दुसरे एक डॉक्टर होते, शांत, हळू बोलणारे. त्यांनी तिला लिथियम सुरू केलं. मला म्हणाले, "अण्णा, ही गोळी फार उपयोगाची आहे, पण तिच्यावर नजर ठेवावी लागते. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. पाणी भरपूर. आणि दुसऱ्या कोणी काही औषध दिलं तर ते आधी मला कळलं पाहिजे. तुमचे घरचे डॉक्टर कोण?" मी सांगितलं की ते गेले आणि मी त्यांचा कंपाउंडर होतो. ते हसून म्हणाले, "मग काळजी नाही. घरीच कंपाउंडर आहे." डॉक्टर, त्या वाक्याने मी इतका फुगलो की बसमध्ये बायकोला दोनदा सांगितलं.

गोळी लागू पडली. तिचे दिवस सरळ चालायला लागले. मी काय करायचो, धारवाडच्याच दुकानातून गोळ्या घ्यायचो, घरी येऊन सगळ्या स्ट्रिपमधून काढायचो, स्ट्रिपचे तुकडे चुलीत घालायचो आणि पांढऱ्या कागदाच्या पुड्या बांधायचो. सकाळ, रात्र. पुडीवर औषधाचं नाव नाही, कंपनीचं नाव नाही. शिकवणीला आलेल्या मुलाच्या आईने फडताळ उघडून पाहिलं असतं तरी तिला काही कळलं नसतं. मुलगी म्हणायची, "अप्पा, हे काय देवाचा अंगारा दिल्यासारखं?" मी म्हणायचो, असंच बरं असतं.

चार वर्षांपूर्वी आमच्या रस्त्याला एका डॉक्टरीणबाईंनी दवाखाना काढला. तरुण आहेत, कन्नड बोलतात, रोग्याचं ऐकून घेतात. मला अज्जा म्हणतात. मला त्या आवडल्या, तुमच्यासारख्या पोटाला हात लावून तपासतात म्हणून. पण त्यांच्या काउंटरवर आमच्याच गल्लीतली बाई बसते. विधवा आहे, स्वभावाने मोकळी, आवाज मोठा. "बर्री अज्जा, या, आज काय, गुडघा का पोट? टीचरचं डोकं दुखतंय? अहो, कालपासून? आधी का नाही आलात?" सगळा बाक आमच्याकडे बघायचा. बाई मनाने वाईट नाही, पण मला ते कापडदुकानवाले आठवायचे आणि घाम फुटायचा. सोळा मुलं आमच्या घरी शिकायला येतात. त्यांच्या आयांना कळलं तर आठवड्यात घर रिकामं होईल, आणि मग ती कशासाठी उठेल?

धारवाडच्या डॉक्टरांना मी ह्या नव्या डॉक्टरीणबाईंबद्दल सांगितलं तेव्हा त्यांना आनंद झाला. "चांगलं झालं. दर वेळी हुबळीहून इथे यायला नको. रक्त त्या तपासतील, काही वाटलं तर मला फोन करतील. त्यांना हे पत्र द्या." लिफाफ्यावर त्यांचं नाव छापलेलं होतं आणि नावाखाली मनोविकारतज्ज्ञ. मी तो खिशात घालून उणकलच्या दवाखान्यात बाकावर बसलो. काउंटरवरच्या बाईने खिशातून वर आलेलं टोक पाहिलं. "अज्जा, ते काय, पत्र आहे? द्या इकडे, मी आत ठेवते."

"नाही," मी म्हटलं, "विजेचं बिल आहे."

"मग मला दाखवायला काय झालं, मी थोडीच भरणार आहे," असं म्हणून ती हसली. माझा नंबर यायच्या आत मी उठून घरी आलो आणि पत्र कपाटात वर्तमानपत्राखाली सरकवलं. उद्या देऊ म्हटलं. महिन्याने धारवाडला गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "दिलंत पत्र?"

"दिलं."

"काय म्हणाल्या?"

"ठीक आहे म्हणाल्या. रक्ताचं बघते म्हणाल्या."

त्यांनी ते त्यांच्या कागदावर लिहून घेतलं. मी समोर बसून बघत होतो, माझं खोटं त्यांच्या चांगल्या अक्षरात उतरत होतं. पहिल्या वर्षी मी मुलीला जुन्या हुबळीतल्या एका लॅबमध्ये दोनदा नेलं. मग ती म्हणाली, "मी बरी आहे ना अप्पा, मग सारखं का टोचायचं?" आणि मीही सोडून दिलं. धारवाडला सांगत राहिलो, नॉर्मल आहे. आणखी दोन पत्रं मिळाली. तीही वर्तमानपत्राखाली गेली. दोन डॉक्टर माझ्या तोंडून एकमेकांना निरोप देत होते आणि त्यांतला एकही निरोप त्यांचा नव्हता. सगळे मीच बनवत होतो.

ह्या उन्हाळ्यात तिचे पाय सुजायला लागले. तुमच्या यंत्रावर मोजलं तर रक्तदाब वाढलेला. मी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी मोजलं, पाय दाबून पाहिले आणि विचारलं, "दुसऱ्या काही गोळ्या चालू आहेत का?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. ती सांगणार होती डॉक्टर, मला दिसलं ते. मी मध्येच म्हणालो, "नाही. ताकदीच्या तेवढ्या."

"कुठल्या?"

"अशाच. पुड्या आहेत."

"अज्जा, पुड्या म्हणजे काय? आयुर्वेदिक?"

"हो, तसंच."

"नक्की ना? मी लघवी जास्त होण्याची गोळी देणार आहे, म्हणून विचारते."

पुन्हा पुन्हा विचारलं त्यांनी. ह्याहून जास्त कोणी डॉक्टर काय विचारणार? मी म्हटलं, नक्की. ती गोळी मी माझ्या हाताने उभ्या आयुष्यात किती जणांना दिली असेल. लिथियमबरोबर ती चालत नाही, लिथियम रक्तात साचून त्याचं विष होतं, हे मला माहीत होतं का, असं मी गेले चार दिवस स्वतःला विचारतो आहे. दुकानात कधीतरी कानावर आलं होतं, इतकंच उत्तर मिळतं. पडवीतलं तुमचं बोलणंही मी ऐकलं होतंच की. गोळ्या एकमेकींशी भांडतात, म्हणून डॉक्टरांनी एकमेकांशी बोलायचं असतं, एवढं तर मला पायरीवर बसूनही कळलं होतं.

आठ-दहा दिवसांत तिच्या हातातून खडू पडायला लागला. फळ्यावर तीच बेरीज तिने दोनदा मांडली आणि मुलं हसली. उलट्या सुरू झाल्या. चालताना भिंत धरायला लागली. जीभ जड झाली. मी ठरवून टाकलं की जुना आजार परत येतो आहे. मुलांना सुट्टी दिली, साखरमीठपाणी दिलं, खिडक्या लावून घेतल्या आणि जे सुचलं ते केलं. पाचव्या दिवशी दुपारी ती स्वयंपाकघरात पडली. मी ओरडलो ते काउंटरवरच्या बाईनेच ऐकलं, तीच धावत जाऊन डॉक्टरीणबाईंना घेऊन आली. त्यांनी रिक्षात मुलीचं डोकं स्वतःच्या मांडीवर घेतलं होतं.

इथे आल्यावर सगळेच विचारायला लागले, काय खाल्लं, कोणतं औषध. डॉक्टरीणबाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "हेळ्री अज्जा. सांगा. काय आहे त्या पुड्यांत?" तेव्हा मी सांगितलं. त्यांनी लगेच धारवाडचा नंबर मागितला आणि तिथेच उभ्या राहून फोन लावला. डॉक्टर, ते दोघं पहिल्यांदा एकमेकांशी बोलत होते, आणि माझी मुलगी पडद्याआड श्वास घेत होती की नाही ते मला दिसत नव्हतं.

"नाही सर, मला पत्र आलेलं नाही," त्या म्हणत होत्या. "तीन? नाही, एकही नाही. रक्त? माझ्याकडे कधीच तपासलेलं नाही सर." मग फोन छातीशी धरून त्या माझ्याकडे वळल्या. "अज्जा, सर म्हणतात तुम्ही पत्रं दिलीत. कोणाला दिलीत?"

मी म्हणालो, "काउंटरवर दिली."

"आणि रक्ताचे रिपोर्ट?"

"बाहेर तपासलं. घरी आहेत. नॉर्मल आहेत."

हे मी जुन्या काळातलं सांगत नाही. चार दिवसांपूर्वी ह्याच बाकाशेजारी उभा राहून बोललो. पोरगी आत मरणाच्या दारात, आणि मी नवीन खोटं रचत होतो. जुनं खोटं लपवायला ते लागलं म्हणून आलं, असंच म्हणायचं.

काउंटरवरच्या बाईला डॉक्टरीणबाईंनी सोमवारपासून येऊ नकोस म्हणून सांगितलं आहे. काल ती इथे आली, माझ्यासाठी भात आणि सारू घेऊन. शेजारी बसली आणि नेहमीचा तो मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "अज्जा, मला आठवतच नाही हो. तीन पत्रं म्हणे. मी कुठे ठेवली असतील? सगळं कपाट उपसलं, रद्दीसुद्धा बघितली. माझ्या हातून टीचरचं असं झालं." मी तिला म्हणालो, "जाऊ दे, होतं असं." क्षमा केल्यासारखं म्हणालो, डॉक्टर. तिने डोळे पुसले आणि मला आणखी भात वाढला. मी जेवलो.

आज सकाळी डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या. त्या आता रोज येतात, त्यांच्या दवाखान्याची वेळ संपली की. म्हणाल्या, "उद्या दहाला सर स्वतः धारवाडहून येतायत. आम्ही दोघं बसून ठरवणार आहोत. ह्यापुढे पत्र तुमच्या हाती नाही द्यायचं, मी त्यांना थेट फोन करीन, ते मला करतील. दोघांकडे एकच वही. हे आधीच व्हायला हवं होतं, माझीही चूक आहे, मीच सरांना शोधून फोन करायला हवा होता." आपली चूक म्हणत होत्या त्या. मग म्हणाल्या, "ती लिथियमची गोळी तिला सोळा वर्षं मानवली आहे. पुन्हा थोड्या प्रमाणात सुरू करायची की कायमची बंद करायची, ते जुन्या रिपोर्टवर ठरेल. रिपोर्ट चांगले असतील तर किडनी आधी ठणठणीत होती आणि हे फक्त माझ्या लघवीच्या गोळीने झालं असं धरून पुढे जाता येईल. म्हणून ते उद्या आणा. विसरू नका."

रिपोर्ट नाहीतच. तीन वर्षांत तिच्या किडनीचं काय झालं ते कोणालाच माहीत नाही. मी उद्या म्हणालो की रिपोर्ट हरवले, पण होते मात्र नॉर्मल, तर ते दोघं विश्वास ठेवतील, कारण दोघंही सभ्य आहेत, आणि माझ्या शब्दावर तिला ती गोळी पुन्हा देतील. मी खरं बोललो तर मुलगी माझ्याकडे कशी बघेल ते मला माहीत नाही. ती बाई, गल्ली, त्या सोळा आया, सगळे बघतील. हे दोन्ही मी सकाळपासून शंभर वेळा फिरवून पाहिलं. उत्तर कठीण नाही. लहान मुलाला विचारलं तरी सांगेल. पण मी बाकावरून उठत नाही, लिहीतच बसतो.

तुम्ही असता तर काय केलं असतं ते मला ठाऊक आहे. तुम्ही मला स्टुलावर बसवलं नसतं ह्या वेळी. तुम्ही कोट चढवून सरळ त्या दोघांकडे गेला असता, माझं नाव न घेता सगळं सांगितलं असतं आणि परत येऊन पुड्या बांधायला लावलं असतं. म्हणूनच बहुतेक मी तुम्हांला लिहायला बसलो, कोणीतरी माझ्यावतीने आत जावं म्हणून. मघाशी असंही वाटलं की ही वहीच डॉक्टरीणबाईंच्या हातात द्यावी आणि खाली मान घालून उभं राहावं. पण त्यांना मराठी वाचता येत नाही आणि मला कन्नड लिहिता येत नाही. बोलावंच लागेल.

बोलायचं म्हटलं तर कन्नडमध्ये हे फार लांबत नाही. चार वाक्यं होतात. पत्रं मी दिली नाहीत, त्या बाईचा काही दोष नाही. रक्त तीन वर्षं तपासलेलं नाही. औषध मी लपवलं, मुलीने नाही. दुपारपासून मी ही तीन वाक्यं ओठांतल्या ओठांत म्हणतो आहे, आणि आता ती अडखळत का होईना, येतात. चौथं येत नाही. ते मी वर तुम्हांलाही लिहिलं नाही, "जे सुचलं ते केलं" असं लिहून पुढे गेलो. तिचे हात थरथरायला लागले तेव्हा मला वाटलं की जुना आजार उसळतो आहे, औषध कमी पडतं आहे. म्हणून ते पाचही दिवस मी तिच्या रात्रीच्या पुडीत अर्धी गोळी जास्त बांधली.